दोघींच्या मधोमध

आई डाव्या कानातून उठली आणि कपाळाच्या मधोमध येऊन बसली, तसा चांगदेव दचकला. हात आपसूक हेडफोनवर गेले. पाठोपाठ उजव्या कानातली गोदूबाईही उठून तिथंच आली. दोघी एकाच पाटावर दाटीवाटीनं बसल्यासारख्या, एकीचा पदर दुसरीच्या मांडीखाली अडकलेला. आणि इतका वेळ दोघींच्या मध्ये जी मोकळी, हवेशीर, बसायला पुरेशी अशी जागा होती ती मिटली. पाण्यावर काठीनं मारलेली रेघ मिटावी तशी. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून यंत्र नेहमीच्या कोरड्या सुरात म्हणालं, "एक ट्रॅक." चांगदेवनं घाईघाईनं कळा दाबल्या. "पूर्ववत," यंत्र म्हणालं. आई डावीकडे गेली. गोदूबाई उजवीकडे. मधली जागा परत उघडली, आणि पंचेचाळीस वर्षांचा चांगदेव तिच्यात अंग चोरून बसला.

काम तसं हातचं होतं. थळच्या या घरात, मागच्या पडवीला भिंत घालून केलेल्या खोलीत, तो वर्षानुवर्षं हेच करत आलेला. उरणपासून मुरुडपर्यंतची हळदीची गाणी त्याच्याकडे येत. कुणी फोनवर गळा पाठवी, कुणी बेंजो, कुणी नुसता ढोल. आणि चांगदेव ते सगळं एकावर एक रचून, कुणाचा आवाज पुढं, कुणाचा मागं करून, सगळ्यांचं मिळून एक गाणं करून देई. त्याला पडदा दिसत नाही, पण पडद्यावरचं सगळं यंत्र त्याला वाचून दाखवतं, इतक्या भरभर की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळू नये. आई त्या आवाजाला भट म्हणायची. "तुजा भट काय पुटपुटतो रं दिसभर? दक्षिना तरी किती घेतो?" लग्नातले विधी एकेक करून गाण्यातून लावून देणारी ती धवलारीण, तिचं नि खऱ्या भटाचं जमायचं नाही, पण भांडणही नव्हतं. भट आपलं म्हणून जायचा, मग आईचा, वेणूबाईचा, धवला सुरू व्हायचा, आणि लग्न खरं लागलं असं लोकांना तेव्हा वाटायचं.

उद्या पुतणीची, प्राप्तीची हळद. नवरा मांडवा गावचा, धक्क्यावर लाँचीच्या कामाला. प्राप्ती स्वतः अलिबागच्या एका दवाखान्यात नर्स, कुणाला ऐकायची नाही. तिनं महिन्यापूर्वीच चौकटीत उभं राहून सांगून टाकलं होतं, "काका, माज्या हलदीला आजीचाच धवला लागंल. न्हायतर मी पाटावर बसायची न्हाय. मंग तूच बस नवरी होऊन." आणि साउंडवाला विनेश सकाळीच फोनवर म्हणाला होता, "काका, एकच फाईल द्या, आनि मोनो द्या, दोनी आवाज येकातच. मांडवात आपला एकच भोंगा हाय. डावं नि उजवं तिथं कोनाला कलनार?"

खरंच, कुणाला कळणार होतं? चांगदेवनं रुमालानं मानेवरचा घाम पुसला. बाहेर गावाशेजारच्या खत कंपनीची घरघर चालू होती. ती कधी थांबतच नाही. त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाला ती असते, जुन्या भांड्याच्या बुडाला खरवड असते तशी. गिऱ्हाइकांच्या गाण्यांतून तो ती काढून टाकतो. आईच्या गाण्यातून त्यानं ती कधी काढली नाही. कारण आईच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याइतकीच न गाण्याची जागा आहे. आई नि तिची जोडीदारीण गोदूबाई, दोघींचा धवला सवाल-जवाबाचा. आई ओळ टाकायची, गोदूबाई उचलायची. आई विचारणार, गोदूबाई सांगणार. आईनं जायच्या आदल्या वर्षी एकटीनं बसून आपले सगळे सवाल गायले आणि प्रत्येक सवालानंतर गोदूबाईच्या जबाबाइतकी थांबली. चांगदेवनंच तसं सांगितलं होतं. "तू तुझं म्हण आये, मधी जागा सोड. गोदूमावशीचं मी नंतर भरतो." ते नंतर आलंच नाही. आई गेली आणि गोदूबाईनं गाणं टाकलं. "जोडी मोडली," एवढंच म्हणाली. कुणाच्या मांडवात गेली नाही. आणि त्या फाईलमध्ये आई विचारत राहिली, थांबत राहिली. चांगदेव हेडफोन लावून त्या थांबण्यात बसून राही. आईचा श्वास, तोंडातल्या सुपारीची बारीक कटकट, लांबवर एक कावळा, कंपनी, आणि सगळ्याच्या खाली समुद्र.

*मांडवाच्या दारी गो, कोनाची सावली?*

आणि मग काही नाही. नुसतं कान लावून बसलेलं एक घर.

काल त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती. गोदूबाई प्राप्तीच्या शब्दाखातर तयार झाली. तिला दम्यानं धरलेलं. एका बैठकीला सगळा धवला होणं शक्य नाही, म्हणून चांगदेव लॅपटॉप नि माईक घेऊन रिक्षानं तिच्याकडे गेला. कोळीवाड्याच्या अलीकडच्या गल्लीत तिचं घर. दारातच सुक्या बोंबलांचा वास आणि तिचा आवाज. "ये रं चांगो. वलखलास का माजं दार? का नाकानं आयलास?" त्यानं तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला. केस विरळ झालेत हे बोटांना कळलं. "यात आये येईल," तो म्हणाला. "ती म्हणाली की तू म्हणायचं." गोदूबाई हसली. "आयुक्षभर तेच तं केलं. तिनं म्हनायचं नि मी म्हनायचं." मग त्यानं कळ दाबली, आणि वेणूबाई तिच्या कानात बोलली. गोदूबाईनं ओळ उचलली नाही. नंतर ती अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "काय गो बाय. गला बसलाय तुजा."

चांगदेवनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. या खेपेला तिनं ओळ उचलली. आवाज फाटका झाला होता, कडेनं उसवलेला. पण उचलण्याची ती जागा, सवालाचं शेपूट जमिनीला टेकायच्या आत झेलण्याची ती तऱ्हा, तशीच्या तशी.

*उन्हात उबी ऱ्हाली गो, नवरीची मावली.*

मग एकेक ओळ, मध्ये पाणी, मध्ये खोकला, मध्ये औषधाचा फवारा. हलदीच्या वाटीत कोनाचा गो हात? जिनं नाल कापली गो, तिचा पयला हात. समिंदराच्या पान्याला गो, कोन देतो झोका? गेला त्याला ये म्हनून वारा मारी हाका. चांगदेव ऐकत होता आणि त्याच्या पाठीला, जुन्या मांडवांत पाठीला लागायची तशी, शेणानं सारवलेल्या भिंतीची गारवट जाणीव होत होती. शेवटी शेवटी ती फारच थकली. तिचा हात येऊन त्याच्या उजव्या हातावर पडला, गरम, आणि तिथंच राहिला. त्यानं तो थोपटला. "दमलीस मावशी. राहू दे. पाणी पी," म्हणत त्यानं हेडफोन उतरवला. ती पाणी प्यायली. नाक ओढलं तेवढं. निघताना म्हणाली, "तुज्या आयशीला सांग, अशी कवा थांबली न्हवती माज्यासाठी. नेमी पुढं पलायची."

घरी येऊन त्यानं खोकले कापले, पाणी कापलं, फवारे कापले. आईला पूर्ण डावीकडे सरकवलं आणि गोदूबाईला पूर्ण उजवीकडे. असं का केलं हे त्याला करून झाल्यावर कळलं. दोघी सुरू झाल्या आणि तो एकदम लहान झाला. आईला लग्नाची सुपारी आली की या पोराला कुठं ठेवायचं हा प्रश्न असायचा. घरी ठेवला तर तो दारातून बाहेर, बाहेरून बांधावर, बांधावरून खाडीत. म्हणून आई त्याला बरोबर न्यायची. खारेपाटातल्या कुठकुठल्या गावांत, भाताच्या पेंढ्यावर घातलेल्या चटईवर, दोन बायकांच्या मध्ये तो बसलेला असायचा. डावीकडे आई: काताचा वास, मीठ लागलेल्या लुगड्याची खरखर, मांडीची ऊब. उजवीकडे गोदूबाई: खोबरेल, मासळी आणि हसताना हलणारं सगळं अंग. ओळ आईकडून निघायची, त्याच्या डोक्यावरून जायची आणि गोदूबाईकडे उतरायची. तिथून परत. तो मान वर करून बसायचा. त्याला वाटायचं ओळ जाताना तिचा वारा लागतो. जग म्हणजे काय, तर डावीकडून उजवीकडे जाणारा नि उजवीकडून डावीकडे येणारा एक आवाज, आणि त्याच्या खाली आपण. पुढं तो मुंबईला अंधशाळेत गेला. तिथं त्याला ब्रेल आलं, पेटी आली, मग संगणक आला. पण कुठल्याही खोलीत शिरला की तो अजून आधी डावीकडे कान द्यायचा.

आता एक कळ दाबली की ती जागा जाणार. हे वेडेपण आहे हे त्याला कळत होतं. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवता येतात, ठेवलेलेही होते, वेगळ्या पेनड्राइव्हवर, वर फडताळात. गेलं काही नव्हतं. तरी पण जेव्हा जेव्हा तो भट 'एक ट्रॅक' म्हणे, तेव्हा तेव्हा दोघी सरकून एक होत आणि आपल्याला कुणीतरी काखेत धरून चटईवरून उचललंय, मांडवाबाहेर नेऊन ठेवलंय, असं त्याला वाटे. जाग्यावर ठेवल्यावर पोरगं गप्प होतं. तसा पूर्ववत केल्यावर तो गप्प होई. सकाळपासून हेच चाललेलं.

"काका, चा." प्राप्ती आली. तिच्या पावलांत आज एक वेगळीच घाई. हातात नवा चुडा, चालताना काचेचं बारीक बोलणं. कप टेबलावर ठेवून ती त्याच्या खुर्चीच्या पाठीला रेलली. "झाला का रं तुजा कारखाना? विनेश सारका फोन करतोय. मी त्याला सांगितलं, काकाचा भट मुहूर्त काढतोय."

"होईल," चांगदेव म्हणाला.

"मना ऐकव ना." तिनं त्याच्या कानावरचा हेडफोन सरळ काढूनच घेतला. "लाव पयल्यापासून."

त्यानं लावलं. आता त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं, फक्त प्राप्तीचं ऐकणं ऐकू येत होतं. आधी ती हसली, नाकातल्या नाकात. मग श्वास थांबला. मग चुड्याचा आवाज, ती डोळे पुसत असणार. आजीचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं होतं. चांगदेवनं चहाचा घोट घेतला. मांडवात डहाळे बांधणाऱ्यांची ओरड, कुणीतरी कुणाला तरी शिडी धर म्हणत होतं. मग प्राप्ती म्हणाली, "काका, ह्याचा शेवट कुठाय?"

"शेवट?"

"लेक चालली दूर ती ओल. दोघी मिलून म्हनतात ती. ती तं आलीच न्हाय. आजी थांबली, गोदूआजीपन थांबली, आनि मंग नुसतं घूं करतंय. आनि मंग आजी…"

 चांगदेवला ठाऊक होतं मग आजी काय. म्हणून तर त्यानं ती फाईल कधी शेवटापर्यंत जाऊ दिली नव्हती. शेवटच्या सवालानंतरची जागा संपत आली की त्याचं बोट आपोआप कळीवर जायचं आणि तो परत पहिल्या ओळीवर यायचा. पुढं काय आहे ते पाठ होतं, ऐकायचं नव्हतं. आणि काल गोदूबाईकडचंही शेवटचं त्यानं ऐकलं नव्हतं. बाई थकली असं म्हणून सोडून दिलं होतं. आईच्यात नाही ती ओळ गोदूबाईच्यात असेल, आणि गोदूबाईच्यात नसली तर आईच्यात असेल, असं काहीतरी मनानं परस्पर धरून ठेवलेलं.

"फोन लाव मावशीला," तो म्हणाला.

प्राप्तीनं फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे कोंबड्या, मग गोदूबाईचा दम. "बोल रं."

"मावशी, शेवटची ओळ राहिली काल. मी रिक्षा पाठवतो नाहीतर येतो मीच. एवढी एक ओळ."

"ती येकटीनं म्हनायची नसते रं. येकटीनं म्हनली तं नवरी येकटी पडते. आमच्या गुरुबायनं शिकिवलंय तसं."

"पण एकटी कुठं? आये आहे ना बरोबर, कानात."

"हाय?" गोदूबाई म्हणाली. "मंग ती का न्हाय म्हनली? तीपन थांबली, आयकलं ना मी. ती माज्यासाठी थांबली, मी तिच्यासाठी थांबली." तिनं शिट्टीसारखा श्वास ओढला. "आनि तू हात कुठं दाबलास?"

"कसला हात?"

"आता गो बाय! कसला हात इचारतो. मी तुज्या हातावर हात ठेवून बसली व्हती का न्हाय? तू न्हाय दाबलास. दाबल्याबिगर कशी सुरू करू? तू थोपटलास आनि पानी पी म्हनलास. मी मनात म्हनली, ह्यो इसारला. मुंबईला गेला नि इसारला. मंग प्यायली पानी."

फोन बंद झाल्यावरही चांगदेव तो कानाशी धरून बसला. प्राप्तीनं "काका?" म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि मग शहाणी पोर, रिकामा कप घेऊन निघून गेली. आणि त्याच्या दोन्ही तळव्यांना, आधी डाव्याला नि मग उजव्याला, आठवण आली. डोक्याला नंतर. दोघी डोळे मिटून गायच्या. सगळे सवाल-जवाब एकामागून एक, पण शेवटची ओळ एकाच क्षणी उचलायची; आणि मांडवाच्या गलक्यात कुणी कुणाचा श्वास ऐकायचा? म्हणून मधे तो. त्याचा डावा हात आईच्या हातात, उजवा गोदूबाईच्या. आईचा श्वास भरून झाला की ती त्याचा हात दाबायची, आणि तो तत्क्षणी गोदूबाईचा दाबायचा. दोघी एकदम उठायच्या, वाळत घातलेल्या जाळ्यावरून पाखरांचा थवा उठावा तशा, आणि त्या आवाजाचा धक्का त्याच्या दोन्ही दंडांतून छातीत येऊन मिळायचा. लोक म्हणायचे, काय दोघींचं जमतं. ते जमणं त्याच्या अंगातून जात होतं. आंधळ्या पोराला मांडवात तेवढं एक काम होतं आणि तेवढं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तो शाळेत गेल्यावर त्या एकमेकींचाच हात धरू लागल्या असणार. त्यानं कधी विचारलं नाही.

मग रेकॉर्डिंगचा तो दिवस आठवला, जो आठवू नये म्हणून तो फाईल मध्येच थांबवायचा. याच खोलीत. पंखा बंद, खिडकी लावलेली, आई या खुर्चीशेजारी स्टुलावर, त्याच्या डावीकडे. त्यानं भटाला गप्प केलं होतं. "आज तुजा भट का गप?" "तू गाणार ना." "बरं हाय. भट गप बसल्याबिगर धवलारीन गात न्हाय." मग तो म्हणाला होता, "आता मधी बोलायचं नाही हां आये, काहीसुद्धा. सगळं यात जातं." ती शहाण्या पोरीसारखी नाही बोलली. एकेक सवाल म्हणाली, एकेकाला थांबली. आणि शेवटी तिनं त्याचा डावा हात धरला. त्याला आत्ता तो हात लागत होता, कोयत्याच्या घट्ट्यांसकट. तिनं श्वास भरला आणि दाबला. आणि त्यानं, टेबल हलून माईकला धक्का बसेल म्हणून, तो हात अलगद सोडवून तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला. सुटलेला श्वास. कंपनी. कावळा. मग तिनं विचारलं, जराशी घाबरून, आपलंच काही चुकलं असावं तशी, "झालं का रं, चांगो?" तो बोलला नाही. बोललं तर त्यात गेलं असतं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, कळ दाबली, भटाला जागं केलं, भट बोलू लागला, फाईलचं नाव काय, कुठं ठेवू, ठेवली, आणि तेवढ्यात आई भाताला आधण ठेवायला उठून गेली होती.

त्यानं हेडफोन चढवला. या खेपेला कळीवरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं आणि ऐकलं. शेवटच्या जबाबानंतर डावीकडे आईनं श्वास भरला, खोल, पोटापासून. जरा वेळानं उजवीकडे गोदूबाईनं भरला, शिट्टी वाजवत. काल तिच्या घरी त्याला ते दमणं वाटलं होतं. दोन्ही श्वास एकमेकांपासून थोडे अंतरावर पडले होते, एकाच दारात वेगवेगळ्या वेळी आलेल्या दोन बायकांसारखे. चांगदेवनं गोदूबाईचा तेवढा तुकडा वेगळा केला आणि सरकवायला घेतला. केसभर मागं. ऐकलं. अजून केसभर. भट प्रत्येक वेळी आकडा सांगत होता. त्यानं भटाला गप्प केलं. हे आकड्याचं काम नव्हतं. डोळे मिटून गाणाऱ्या बायका आकडा बघत नाहीत. त्यानं दोन्ही तळवे उताणे करून टेबलावर ठेवले, ऐकलं, आणि डाव्या तळव्यात ज्या क्षणी काहीतरी हललं त्याच क्षणी उजव्यात हलेपर्यंत सरकवत राहिला. जमलं तेव्हा त्याच्या दंडांवर काटा आला. दोघींनी एका छातीनं श्वास घेतला होता.

त्याच्यापुढं सुटलेले श्वास त्यानं काढून टाकले आणि ओळ मावेल एवढी जागा केली. नुसती कोरी शांतता टाकली तर ती मेलेली लागते, हे प्रत्येक साउंडवाल्याला ठाऊक असतं. म्हणून त्यानं आईच्या सवालांमागची शांतता उचलून आणली, जिथं गोदूबाई आता बोलत होती तिथली, तिला नको झालेली. सुपारी, कावळा, कंपनी, समुद्र. ते सगळं शेवटच्या जागेत अंथरलं, पेंढ्यावर चटई अंथरावी तसं. आणि त्याच्यानंतर आईचा तो प्रश्न. तो कापायला बोट गेलं. मग तसंच परत आलं.

"एक ट्रॅक," भट म्हणाला. आई उठली, गोदूबाई उठली, दोघी मधोमध आल्या. चांगदेवनं पूर्ववत केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना प्राप्ती पाटावर बसली. मांडवात आंब्याच्या डहाळ्यांचा, हळदीचा, नव्या कपड्यांच्या कांजीचा वास. गोदूबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उचलूनच आणलं होतं, पण आल्या आल्या ती ओरडली, "खुर्ची न्हेऊन घाल तुज्या सासऱ्याला. मी खाली बसनार." चांगदेवनं चटई घातली. तिला उजवीकडे बसवलं, आपण बसला, आणि डावीकडे हातभर जागा सोडली. कुणीतरी बाई तिथं टेकू लागली तर गोदूबाईच म्हणाली, "तिथं न्हाय गो. तिथं मानूस हाय."

विनेशनं ढोलाची गाणी थांबवली. भोंग्यात खरखर झाली आणि वेणूबाईचा आवाज मांडवभर उघडला. बायकांची कुजबुज विरली. "वेनू गो, वेनू," कुणी म्हातारी म्हणाली. चांगदेव ऐकत होता. दोघी खरोखरच एकाच ठिकाणाहून येत होत्या, समोरच्या खांबावरून, लांबून. डावं नव्हतं, उजवं नव्हतं. सवाल गेला, जबाब आला. हळद लागत होती. त्याला वाटलं होतं तसं बाहेर फेकल्यासारखं वाटलं नाही. भुईवर बसून वर चाललेल्या पाखरांचं ऐकावं तसं वाटलं.

वारा मारी हाका, गोदूबाई भोंग्यातून म्हणाली, आणि मग दोघींनी श्वास भरला. सगळ्या मांडवानं तो ऐकला. आणि पुढं कावळा, कंपनी, समुद्र.

"काका, फाईल अटकली काय?" विनेश ओरडला.

"हात लावू नको!" पाटावरून प्राप्ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. कुणीतरी हसलं. नवरी अशी ओरडते का?

चांगदेवचा उजवा हात गोदूबाईच्या हाताखाली होता, परवासारखाच गरम. डावा चटईवर उताणा. डाव्या हाताला काही झालं की उजवा दाबायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं, एवढंच शिकवलं होतं. तो थांबला. खाडीवरून वारा आला आणि डाव्या तळव्यावरून गेला. त्यानं उजवा हात दाबला.

गोदूबाईचा आवाज निघाला, सुतासारखा बारीक, कधी तुटेल सांगता येऊ नये असा. आणि तो एकटा पडायच्या आत चांगदेवनं तोंड उघडलं. धवला बायकांचा, पुरुषानं कधी म्हटलेला मांडवात कुणी ऐकला नव्हता. त्यानंही नव्हता ऐकला. पण ओळ डावीकडची होती, आणि डावीकडे दुसरं कोण होतं?

*येकलीचा न्हाय गो धवला, दोघींचा ह्यो सूर,*
*हात हाती ऱ्हाऊ दे गो, लेक चालली दूर.*

गोदूबाईचा दम 'दूर'वर संपला आणि त्याचाही. तिनं त्याच्या हाताला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा. "बाप्या मानूस तो," ती धापा टाकत, हसत म्हणाली, "गला आयशीचा." बायका हसत होत्या, नाकं ओढत होत्या, हळदीचे हात पदराला पुसत होत्या. प्राप्तीचा चुडा वाजत होता. आणि या सगळ्या गलक्याच्या वरून, भोंग्यातून, जराशी घाबरून, आपलंच काही चुकलं असावं तशी आई म्हणाली, "झालं का रं, चांगो?"

 चांगदेवनं मान डावीकडे वळवली, हातभर मोकळ्या ठेवलेल्या त्या चटईकडे.

"न्हाय आये," तो म्हणाला. "अजून न्हाय. बस जरा."